फिल्मखालचं कुंकू

शिरीष,

तुला राग येईल ते आधी सांगतो. तुझ्या गाडीवरचा फेस तसाच वाळला. त्या रविवारी सकाळी तू मारलेला साबणाचा पांढरा फेस कुणीच धुतला नाही. ॲम्ब्युलन्सवाले ड्राइव्हवेवर तुझ्यासाठी झटत होते तेव्हा तो बॉनेटवरून ओघळत होता. ते तुला घेऊन गेले, आम्ही मागोमाग गेलो. दुपारी तुझ्याशिवाय परत आलो, तोवर थंडीने तो गाडीला चिकटून बसला होता. पांढरे ओघळ आणि मधेमधे रस्त्यावरच्या मिठाचे करडे ठिपके. साबण गाडीच्या अंगावर वाळू द्यायचा नाही, डाग पडतो, हे तू मला किती वेळा ऐकवलंस. पाच आठवडे तो तसाच राहिला. डाग पडला असेल, म्हटलं. पडू दे.

मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचा दोनदा फोन येऊन गेला. तुम्ही त्यांचे साडू, अंकात त्यांच्यावर तुम्हीच लिहा, फोटो आमच्याकडे आहे. तुझं शिक्षण, नोकऱ्या, नागपूरहून लेस्टरला कधी आलास, मंडळाच्या गणपतीत काय काय बघायचास, हे सगळं शोकसभेत सांगून झालंय. मी तिथे बोललो नाही. लोकांना वाटलं, बिचाऱ्याच्या तोंडून शब्द फुटत नाहीये. तसं काही नव्हतं. मला तिथे उभं राहून तुला शिव्या घालायच्या होत्या आणि समोर सुजाताताई बसल्या होत्या, तुझी बायको.

त्या सभेत जो उठला त्याने एक शब्द वापरला. अचानक. किती अचानक गेला, चालताबोलता माणूस, कसलं लक्षण नाही, काही नाही. सुजाताताईही पुण्याहून, नागपूरहून येणाऱ्या प्रत्येक फोनला हेच सांगत होत्या, मान खाली घालून. आणि मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून चहाचे कप मोजत होतो, कारण मला माहीत होतं की ते अचानक नव्हतं. चार आठवडे आधीपासून मला माहीत होतं. तू माझ्याकडून शपथ घेतली होतीस, म्हणून मी गप्प बसलो होतो. आणि तू गेल्यावर, आता हे ताईंना सांगायचं कोणत्या तोंडाने, म्हणून गप्प बसलो होतो. अशा अवस्थेत मला टाकून तू निघून गेलास. तुझ्यावर प्रेमाने चार शब्द कुठून लिहू?

गाडीपासून सुरुवात करतो, तू तेच केलं असतंस.

तेवीस वर्षं जुन्याच गाड्या वापरून तू पहिल्यांदा कोरी करकरीत गाडी घेतलीस. गडद निळी. पहिल्याच महिन्यात तू आणि ताई लेकीला, ईराला, भेटायला एडिनबराला गेलात, तिच्या युनिव्हर्सिटीत. येताना पुढे ग्रिटर होता, थंडीत रस्त्यावर खडेमीठ उधळत जाणारी ती पिवळी लॉरी. घरी आलास तेव्हा बॉनेटच्या पुढच्या कडेला तीन टवके उडालेले. तिळाएवढे असतील. तू मला फोन करून बोलावून घेतलंस, मी धावत आलो, मला वाटलं अपघात झाला. तू टॉर्च घेऊन गाडीसमोर उकिडवा बसला होतास. "बघ बे," म्हणालास, "पत्रा दिसून राहिला." मग मला समजावत बसलास. टवक्यात मीठ शिरतं, मिठाने गंज धरतो, गंज रंगाच्या खालून पसरतो आणि वरून महिनोन् महिने काही कळत नाही. त्याच आठवड्यात तू त्या रंगाची बाटली मागवून टूथपिकने तिन्ही टवके भरलेस. मला श्वाससुद्धा जपून घ्यायला लावलास.

तुझ्या शरीरात काही बिघडलं की तुला कधी टॉर्च सापडली नाही.

पुढच्या थंडीसाठी तू ती फिल्म आणलीस. काचेसारखी पारदर्शक, जाड, बंपरला, अर्ध्या बॉनेटला आणि आरशांच्या पाठीला लावायची. खडा लागला तर तिला लागेल, रंगाला नाही. लोक ती दुकानातून लावून घेतात. तू व्हिडिओ बघून घरी लावायची ठरवलीस, कारण दुसऱ्याने तुझ्या गाडीला हात लावलेला तुला चालत नव्हता. मी चालत होतो, कारण मी फक्त धरायला. दसऱ्यानंतरचा शनिवार होता. गॅरेज गरम राहावं म्हणून घरातला हीटर आणलास, स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि लहान बाळांचा शाम्पू, काच पुसायची रबरी पट्टी, ताईंचा हेअर ड्रायर. त्याआधी तू गाडी इतकी धुतली होतीस की दसऱ्याला ताईंनी बॉनेटवर काढलेलं कुंकवाचं स्वस्तिकही गेलं होतं.

ताई ड्रायर शोधत गॅरेजमध्ये आल्या आणि त्यांनी ते पाहिलं. सणाला लावलेलं कुंकू आठ दिवसांत पुसलंस, एवढंच म्हणाल्या. आत गेल्या, करंडा घेऊन आल्या आणि नुकत्याच घासूनपुसून कोरड्या केलेल्या बॉनेटवर, अगदी पुढच्या कडेला, बोटाने एक टिकली लावून गेल्या. तू माझ्याकडे पाहिलंस. मी कापड पुढे केलं. आणि तू, धुळीच्या एका कणासाठी मला तीनदा हात धुवायला लावणारा तू, म्हणालास, "राहू दे. हे पुसलं तर आज जेवण नाही भेटत." आणि वरून फिल्म अंथरलीस.

ते चुकलंच. पाणी लागताच कुंकू पसरलं, मसुराएवढा लाल डाग झाला आणि त्याच्याभोवती हवेचा एक बारीक फुगा राहिला. पट्टीने कितीही दाबलं तरी तो जाईना. मी म्हणालो, उचल, आत्ता सोपं आहे. कडेला आहे तो, तिथून फिल्म सुटेल, मिठाचं पाणी आत जाईल आणि तुझा रंग आतून खराब होईल. तू म्हणालास, काही होत नाही. तेव्हापासून दर रविवारी आपण त्या फुग्यावरून भांडलो. मी वाकून बघायचो आणि म्हणायचो, वाढलाय. तू म्हणायचास, तुझा नंबर वाढलाय. मी म्हणायचो, फिल्म काढू तेव्हा बघ. तू म्हणायचास, पाच वर्षांनी काढू, तेव्हा बघू. पाच वर्षांचं तू अगदी सहज बोलायचास.

आता त्या एडिनबराच्या दिवसाबद्दल बोलतो. हे मला लिहायचं नव्हतं.

नाताळच्या सुट्टीला ईराला आणायला आपण दोघं निघालो. डिसेंबर, सकाळ, रस्त्याच्या कडेला बर्फ. पुढे ग्रिटर आला आणि तू वेग इतका कमी केलास की मागची गाडी दिवे दाखवायला लागली. तू ढिम्म. त्याच्यापासून लांब राहायचं, तो मीठ नाही खडे मारतो, फिल्म असली म्हणून तोंड पुढे करायचं नसतं. हे सगळं मला ऐकवत असताना तू मधेच थांबलास. बोलायचा थांबलास. पुढच्या सर्व्हिसेसला, हायवेवरच्या थांब्यावर, गाडी आत घेतलीस, इंजिन बंद केलंस आणि छातीच्या मधोमध मूठ धरून बसलास. बाहेर पाणी गोठत होतं आणि तुझ्या कपाळावर घाम होता.

"ॲसिडिटी होऊन राहिली बे," म्हणालास. "सकाळचे पराठे."

मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करतो. छातीत जळजळतंय म्हणणाऱ्याला काय काय विचारायचं ते मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. कळ हातात जाते का, घाम येतो का, जिना चढताना होतं का. माझ्यासमोर तू घामाने भिजला होतास आणि मी एकही प्रश्न विचारला नाही. बॅगेत ॲसिडिटीच्या औषधाची बाटली होती, ती काढून दिली. तू दोन घोट घेतलेस. पंधरा मिनिटांनी तोंडावर रंग आला. मग मी म्हणालो, मी चालवतो. तू किल्ली दिली नाहीस. का, तर मी लॉरीच्या मागे चिकटतो आणि तुझ्या बॉनेटला टवके पडतील. त्या छातीने तू पुढचे चार तास गाडी चालवलीस, शिरीष, बॉनेटच्या काळजीने. आणि मी शेजारी बसून चालवू दिली. तुझ्यावर ओरडायला लागलो की दरवेळी इथे येऊन माझाच आवाज बसतो.

निघण्यापूर्वी तू म्हणालास, "हे अश्विनीला सांगायचं नाही. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तू तिला सांगशील, ती पाच मिनिटांत तिच्या बहिणीला सांगेल, अन् मग माझं ड्रायव्हिंग बंद, चहा बंद, सगळंच बंद. शपथ घे."

आपल्या दोन घरांचं हे पहिल्यापासून असंच आहे. दहा मिनिटांच्या अंतरावर दोन सख्ख्या बहिणी, तुझी बायको आणि माझी, आणि मधे फोन. मला शिंक आली तर संध्याकाळपर्यंत तुमच्या घरून काढा यायचा. आपण दोघं त्याला हसायचो, वैतागायचो, आपलं दोघांचं असं काही त्यांच्यापासून लपवलं की शाळेतल्या पोरांसारखे खूश व्हायचो. आणि मी तुझा एक देणेकरी होतो. इथल्या माझ्या पहिल्या थंडीत मी तुझ्याकडे राहत होतो, अश्विनी यायची होती. तुला बरं वाटावं म्हणून तुझ्या उठण्याआधी मी तुझ्या जुन्या गाडीची गोठलेली काच साफ करायला गेलो, आणि किटलीभर उकळतं पाणी ओतलं. काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. तू बाहेर आलास, काच पाहिलीस, माझ्या हातातली किटली पाहिलीस. मग ती माझ्याकडून घेतलीस आणि आत जाऊन सांगितलंस की दगड लागला. नंतर मला काच खरवडायची पट्टी आणून दिलीस आणि बर्फावर ब्रेक कसा लावायचा ते रिकाम्या कार पार्कमध्ये शिकवलंस. नवख्या माणसाला कुणी इतकं सांभाळून घेत नाही. ती काच मला चौदा वर्षं आठवत होती. म्हणून तू शपथ मागितलीस तेव्हा मी दिली. आयुष्यात पहिल्यांदा मी शब्दाला जागलो.

त्या दिवसापासून मी तुला मेसेज करायचो, जीपीला, दवाखान्यात, फोन केलास का. तू लिहायचास, आठ वाजता लावला, एंगेज. मग लिहायचास, पुढच्या वीकमध्ये मिळून राहिली अपॉइंटमेंट. मी अंगठा पाठवायचो. तू गेल्यावर बँकेच्या कामासाठी ईराने तुझा फोन उघडला, तेव्हा मी तिच्या शेजारी होतो. जीपीच्या दवाखान्याचा नंबर एकदाही लावलेला नव्हता. बंपरचा रंग जुळवून देणाऱ्या माणसाला तीन फोन होते. मी उठून बागेत गेलो आणि तुझ्या कुंपणाला लाथ मारली. एक फळी निघाली आहे. ती मी लावणार नाही.

त्या सकाळचं तुला माहीत नसेल, म्हणून सांगतो. तू गाडी धुवायला बाहेर गेलास. ताई ओट्याशी होत्या. तुझ्या त्या प्रेशर वॉशरचा आवाज खिडकीतून येत होता. खटका दाबला की आवाज बदलतो, सोडला की बदलतो. बराच वेळ तो बदललाच नाही, एकसारखा चालू राहिला. ताईंना आधी वाटलं, आज फारच मन लावून धुतोय. हे त्या मला रोज सांगतात. फारच मन लावून धुतोय, असं वाटलं, नंदू, मला. मी रोज ऐकून घेतो.

गेल्या रविवारी अश्विनी आणि मी तुमच्याकडे जेवायला गेलो. ईरा एडिनबराला परत गेली होती. जाण्याआधी मला म्हणाली होती, "काका, बाबाचा गाडी इथे नको ठेवू ना. तो गाडी बघितला की मला रेज येते." राग तुझ्याच घरात सगळ्यांना होता, मी एकटा नव्हतो. पण आम्ही जेवलो, ताईंनी ताटं उचलली, आणि पुन्हा कुणाचा तरी फोन आला, आणि ताई पुन्हा म्हणाल्या, नाही हो, काहीच लक्षण नव्हतं. फोन ठेवला. मी म्हणालो, "ताई, होतं. मला माहीत होतं."

सगळं सांगितलं. सर्व्हिसेस, घाम, पराठे, बाटली, शपथ. न विचारलेले प्रश्नही सांगितले, एकेक करून. खाली बघत सांगितलं. वाटलं होतं ताई ओरडतील, मला घराबाहेर काढतील. मी त्याची तयारी करून गेलो होतो. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

ताई खुर्चीवर बसल्या. बराच वेळ टेबलावरची शितं बोटाने गोळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "ख्रिसमसनंतर आम्ही टेकडीवर फिरायला गेलो होतो. अर्ध्यात तो बाकावर बसला. तोंड पांढरं झालं होतं. मी म्हटलं, आत्ता हॉस्पिटलला जाऊ. तर म्हणाला, नंदूला दाखवलंय. नंदूने औषध दिलंय, तो म्हणाला ॲसिडिटी आहे. आणि तू त्याला परत विचारत बसू नकोस, तो घाबरट आहे, लगेच अश्विनीला सांगेल, मग तुम्ही दोघी मला जगू देणार नाही."

ऐकतोयस ना? माझी ती बाटली, जी मी प्रश्न न विचारता काढून दिली, ती तू तुझ्या बायकोला डॉक्टरच्या सर्टिफिकेटसारखी दाखवलीस. मी जे बोललोच नव्हतो ते माझ्या तोंडी घातलंस. मी त्या घरात बसून पाच आठवडे त्यांच्याकडे बघू शकत नव्हतो, आणि त्या माझ्याकडे बघत नव्हत्या ते का, हे मला त्या क्षणी कळलं. त्यांना वाटत होतं, नंदूला समजलं नाही. आणि ते त्या मला बोलून दाखवत नव्हत्या. नवरा गेलेली बाई मला सांभाळून घेत होती.

अश्विनी ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिने नळ बंद केला. "दिवाळीला," ती म्हणाली, "आपल्याकडे फराळाला आले तेव्हा भावजी जिन्यावर बसले होते, छाती चोळत. मला म्हणाले, चकल्या जास्त झाल्या. ताईला सांगू नकोस, चकल्या बंद करेल. नंदूला तर मुळीच नको."

तिघं. तू आम्हा तिघांना वेगवेगळं गाठून गप्प केलंस. ज्या घरात शिंक लपत नव्हती त्या घरात दिवाळीपासून जानेवारीपर्यंत तुझं दुखणं लपलं, कारण आम्ही तिघंही तुझ्या शब्दाखातर एकमेकांशी खोटं वागलो. आमच्यातल्या कुणीही एकाने, फक्त एकाने, सवयीप्रमाणे तोंड उघडलं असतं तर तिन्ही गोष्टी पाच मिनिटांत एकत्र आल्या असत्या. चकल्या, पराठे, टेकडी. मग तुला कुणी विचारलंच नसतं. दोन्ही बहिणींनी तुला कॉलर धरून नेलं असतं आणि तू आज इथे बसून त्यांच्या नावाने खडे फोडत असतास. मी जन्मात कुणाचा इतका द्वेष केला नसेल जितका त्या पाच मिनिटांत तुझा केला. आणि तू आत्ता त्या दारातून आला असतास तर उठून तुला मिठी मारली असती, हेही त्याच पाच मिनिटांतलं.

मग, आता सांगतोच आहे तर, म्हणून मी तुझ्या जुन्या गाडीच्या काचेचंही सांगून टाकलं. किटलीचं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "ते मला त्याच दिवशी कळलं होतं," म्हणाल्या. "तू आंघोळीला गेलास आणि तो हसत हसत येऊन सांगून गेला. त्याच्या पोटात कधी काय राहिलंय." अश्विनीलाही माहीत होतं. चौदा वर्षं मी ज्या उपकाराखाली वाकून होतो, त्यातलं गुपित तू आंघोळीचं पाणी तापायच्या आत फोडलं होतंस. म्हणजे तुला गुपित ठेवता येत नव्हतं, शिरीष. आयुष्यभर एकही ठेवता आलं नाही. हे एकच कसं जमलं तुला?

ताई उठल्या. खिडकीशी गेल्या. "तो फेस मला रोज दिसतो," म्हणाल्या. "धू ती गाडी."

धुतली. तुझ्याच पद्धतीने, शिव्या घालत. आधी नुसतं पाणी, खालून वर, चाकांच्या कमानीत, मिठाचा चिखल निघेपर्यंत. कोरड्या मिठावर कापड फिरवायचं नाही. दोन बादल्या, एक साबणाची, एक हात खंगाळायची. बोटं बधिर झाली. वाळलेला फेस तीनदा भिजवावा लागला. तुला हेही सांगायला हवं की डाग पडला नाही. फिल्मवर दगडांचे बारीक वार दिसतात, खालचा रंग पहिल्या दिवसासारखा आहे. गाडी तू चांगली जपलीस. तळहाताच्या फोडासारखी जपलीस.

मग तो फुगा. वाढलाय, मी म्हणत होतो तसाच. कडेला फिल्म नखभर सुटली आहे आणि आत पाण्याची रेघ आहे. माझं बरोबर होतं. मी आत जाऊन ताईंचा ड्रायर आणला, लांब वायर लावली. कड गरम करून तेवढाच कोपरा उचलायचा, कुंकू पुसायचं, वाळवायचं आणि पुन्हा दाबायचं, दहा मिनिटांचं काम. कोपरा उचलला जायला लागला तेव्हा ताई बाहेर आल्या. शाल नव्हती अंगावर. कपाळावर त्यांची नेहमीची टिकली होती. त्यावरून नागपूरच्या एका आत्यांनी फोनवर विचारलं होतं आणि ताईंनी फोन ठेवून दिला होता.

"ते पुसायचं नाही," त्या म्हणाल्या.

मी त्यांना समजावलं. पाणी आत गेलंय, गंज धरेल, आतून पसरेल, वरून कळणार नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"धरू दे," म्हणाल्या.

मी ड्रायर बंद केला. कोपरा अंगठ्याने दाबून बसवला आणि तो धरेपर्यंत तसाच उभा राहिलो. आपलं भांडण असं संपलं. मी जिंकलो आणि ऐकून घ्यायला तू नाहीस, आणि तुझंच म्हणणं राहिलं. यातलं जास्त वाईट काय ते मला अजून कळलेलं नाही.

एवढं लिहून अंकाला द्यायचं होतं, पण परवाचं एक सांगायचं राहिलं. सकाळी कामावर निघताना माझ्या डाव्या खांद्यातून दंडात कळ आली. मी बुटाची लेस बांधत होतो. तसाच पायरीवर बसून राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, अश्विनी, माझा हात दुखतोय. ती धावत आली. तिने ताईंना फोन केला. ताई गाडी घेऊन आल्या, तुझी गाडी, तेव्हापासून पहिल्यांदाच त्यांनी ती बाहेर काढली, आणि माझ्यासाठी दारात उभी केली. ॲक्सिडेंट अँड इमर्जन्सीत माझ्या छातीला वायरी लागेपर्यंत ईराचा मेसेज आला होता आणि पुण्याहून सासूबाईंचा फोन. तिथल्या तरुण डॉक्टरने चार तास सगळं तपासलं आणि विचारलं, हल्ली काही जड काम केलं होतं का. मी म्हणालो, गाडी धुतली. डॉक्टर म्हणाली, स्नायू दुखावलाय, घरी जा. दोघी बहिणी तिथेच मला मनसोक्त बोलल्या. आसपासचे पेशंट बघत होते. मला लाज वाटली नाही.

एवढंच होतं रे. हात दुखतोय, एवढंच मोठ्याने म्हणायचं होतं. बाकीचं आम्ही केलं असतं.